हेमकांतचं काळीज

पंगत उठली, पत्रावळी उचलल्या गेल्या, तरी सरलाने अन्नाला हात लावला नव्हता. ओसरीच्या कोपऱ्यात ती ताठ बसून होती. मांडीवर खाकी पाकीट आणि त्यावर दोन्ही हात. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पदर सारखा करत तिच्याकडे बघत आणि पुढे सरकत. अठ्ठावीस वर्षांनी ती या घरात आली होती. सासूच्या बाराव्याच्या विधीला, गंधमुक्तीला आली, बरं केलं, असं दोघीतिघी म्हणाल्याही. कौसाबाईंना जाऊन बारा दिवस झाले होते.

पण सरला सासूसाठी आली नव्हती. सासू जिवंत असती तर ती पाकीट मिळालं त्याच दिवशी आली असती, आणि ते तिच्या पुढ्यात ठेवून म्हणाली असती, घ्या, वाचून घ्या कोणाकडून तरी. पाकीट हाती आलं कौसाबाईंच्या दहनानंतर दोन दिवसांनी. तेव्हापासून सरलाने ते एकदाही हातावेगळं केलं नव्हतं.

"काकू, पाणी," म्हणत भावेश पुढे आला. जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा हा धाकटा मुलगा तिने आज पहिल्यांदाच पाहिला. बावीस वर्षांचा, रोजच्या पळण्याने रापलेला, सडसडीत. येत्या गुरुवारी नंदुरबारला त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. सकाळपासून प्रत्येक पाहुण्याला त्याची आई तेच सांगत होती. सरलाने त्याच्याकडे पाहिलं आणि पेला घ्यायचा विसरली. तिच्या नवऱ्याचं, हेमकांतचंच कपाळ. हनुवटीही तीच.

"माझ्या प्रतिभाला बोलाव," ती म्हणाली. "आणि तुझ्या आबांना म्हणावं, आतल्या खोलीत या. तुझ्या आईलाही घेऊन ये. आणि तूही थांब."

आतल्या खोलीत कौसाबाईंचा फोटो पाटावर ठेवला होता, हार ताजा होता. तिचे जेठ भाईदास आत आले. बासष्ट वर्षांचे, नुकतंच मुंडण झालेलं, अंगावर पांढरं उपरणं. दोन वेळा सरपंच झालेला माणूस. खोलीत आला की बाकीच्यांनी उठावं याची सवय अंगात भिनलेली. आज सरला उठली नाही.

"सरला, आज मन्ही मायनी गंधमुक्ती शे," ते शांतपणे म्हणाले. "कागदबिगद काय शे ते मंग दखसूत."

"मंग नई. आतेच."

भावेशच्या आईने, रुक्मिणीबाईंनी दार लोटलं. "बाहेर समदा सगासोयरा बठेल शे वं. हळू बोल."

"अठ्ठावीस वरीस हळूच बोलनू, जिजी."

प्रतिभा आईच्या शेजारी येऊन बसली. ती शहाद्याच्या शाळेत शिकवत होती. वडिलांना तिने कधी पाहिलंच नव्हतं. हेमकांत गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. चार महिन्यांपूर्वी शाळेचा जिना चढताना ती चक्कर येऊन पडली. नाशिकला नेलं, हृदयाची इको केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्नायू जाड झालाय, हा आजार रक्तातून येतो. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? प्रतिभा म्हणाली, वडील चोविसाव्या वर्षी गेले, पण त्यांनी विष घेतलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शवविच्छेदन झालं असेल ना मग? त्याची प्रत मिळवा. तुमच्या उपचाराला लागेल."

तीन महिने ती फिरली. पोलीस ठाण्यात म्हणाले, इतक्या जुन्या फायली कुठे असतात, बाई. रुग्णालयात विचारलं, मयताच्या तुम्ही कोण? तिने शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला, प्रतिभा हेमकांत. जन्माआधीच गेलेल्या बापाचं नाव आजोबांनी, सरलाच्या वडिलांनी, हट्टाने लावलं होतं, म्हणून निभावलं. अर्ज केला, पुन्हा अर्ज केला, माहिती अधिकारात मागितलं. शेवटी निवृत्तीला आलेल्या करणसिंग नावाच्या कर्मचाऱ्याने लोखंडी कपाट उघडलं, कसर लागलेली रजिस्टरं एकेक करून काढली आणि तिसऱ्या दिवशी पान सापडलं. प्रत हातात देताना तो म्हणाला होता, "ताई, हे घरी जाऊन एकटीने वाचू नका." त्याच नंबराच्या आधारे मग ठाण्यातली अकस्मात मृत्यूची फाईलही निघाली.

"वाच," सरला म्हणाली.

प्रतिभाने कागद उलगडला. अक्षर डॉक्टरी, इंग्रजी. खाली तिने स्वतः मराठीत लिहून काढलं होतं. "हृदयाचं वजन पाचशे चाळीस ग्रॅम. एवढ्या वयाच्या माणसाचं तीनशेच्या आसपास असतं. डावीकडच्या कप्प्याची भिंत जवळजवळ दुप्पट जाड. नाशिकच्या डॉक्टरांनी माझी सांगितली तशीच. पोटात विषाचा वास नाही. नक्की करायला आतले अवयव तपासणीला पाठवले." तिने दुसरा कागद वर घेतला. "हा रासायनिक तपासणीचा. विष आढळलं नाही. आणि हा शेवटचा. मृत्यू नैसर्गिक, हृदयविकाराने."

बाहेर मांडवात कोणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"डॉक्टर चुकेल व्हई," भाईदास म्हणाले. "तवय कोठे इतली सोय व्हती? तोंडले फेस व्हता. फवारानी बाटली त्याना जोडे पडेल व्हती. मी मन्हा डोयाखाल दखं."

"बाटली पंपघरमा कायमच ऱ्हाय," सरला म्हणाली. "तुमीच ठेयेल व्हती."

"आते मरेल मानूसनी चिरफाड करानी काय गरज..."

"मोठे आबा," प्रतिभा मधेच बोलली. तिचा आवाज वर्गात असतो तसा, स्वच्छ होता. "चौथा कागदही आहे. मृत्यूचं कारण नातेवाइकांना कळवलं, त्याची पोच. आठ मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. खाली सही आहे."

तिने कागद त्यांच्यापुढे धरला. भाईदासांनी तो हातात घेतला नाही. घ्यायची गरजही नव्हती. सरपंच म्हणून गावातल्या प्रत्येक दाखल्यावर जी लफ्फेदार सही असायची तीच होती.

रुक्मिणीबाई पुढे वाकल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याची सही ओळखता येत होती. त्यांनी सहीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर मागे सरकला तरी सावरला नाही.

"तुमले माहीत व्हतं?" त्या म्हणाल्या.

भाईदासांनी कागदावरून नजर काढून फोटोकडे वळवली.

आणि मग सरला बोलली. इतकी वर्षं म्हसावदच्या अंगणवाडीत लेकरांना भरवताना, भावाच्या घरात मागच्या खोलीत राहताना जे तिने तोंडात धरलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"त्या दिवशी सकाळी आम्हनं भांडन व्हयनं, ते समदा गावनी ऐकं. सरलानी नवरासंगे भांडन करं, म्हनीसनी त्यानी विष लिधं. कसानं भांडन व्हतं ते कोनी इचारं का माले? रात्रभर त्याले दम लागी ऱ्हायंता. मी म्हनी, शहादाले चाला, डॉक्टरले दखाडा. तो म्हने, दादा रागे भरी. मी म्हनी, तुमी नई गयात ते मी जास दादाकडे. ते भांडन व्हतं!" तिने पाकीट जमिनीवर आपटलं. "सहा महिनानी पोटुशी व्हतू मी. तुमी अंगनमा उभा ऱ्हायीसन, समदा गावना समोर सांगं, ईनी मन्हा भाऊले खादं. मन्ही पेटी उचली आनि माले एस्टीमा बसाडं. आनि चार महिनामा हाऊ कागद उना, तुमी सही करी, आनि गप बठनात!"

"बाप जिवंत व्हता मन्हा," भाईदास हळूच म्हणाले. "रोज इचारे, मन्हा हेमकांतले कोनी मारं. काय सांगतू मी त्याले?"

"खरं सांगतात!"

"खरं काय व्हतं तुले माहीत शे का?" ते एकदम ओरडले. बाहेरचा खुर्च्यांचा आवाज थांबला. "माले माहीत शे. त्या दिनले केळीनी गाडी भरानी व्हती, मजूर कमी पडनात. तो बांधवर येयीसन बठना. म्हने, दादा, छातीमा दुखी ऱ्हायनं. मी म्हनू, कामनं नाव काढं का तुन्ही छाती दुखस. त्याले उठाडं. घड उचलाले लावं. तासाभरमा तो पंपघरजोडे पडी गया." त्यांनी प्रतिभाच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "कागदमा लिखेल व्हतं, कायीजनी गया. म्हंजे कोनी मारं? मी मारं. ते सांगतू का बापले?"

सरलाला क्षणभर हेमकांत दिसला, खांद्यावर केळीचा घड आणि ओठ निळे पडलेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"तुमनं वझं तुमले जड व्हयनं," ती म्हणाली, "म्हनीसन मन्हा डोकावर ठी दिधं."

प्रतिभाने आईच्या पाठीवर हात ठेवला. सरलाने तो झटकला नाही, पण तिचं बोलणं थांबलं नाही. "ही सात वरीसनी व्हती. शहादाना स्टँडवर आत्याबाई," तिने कौसाबाईंच्या फोटोकडे बोट केलं, "आत्याबाई भेटन्यात. हिना डोकावर ठेवाले हात उचला त्यास्नी. मंग मांगे लिधा. म्हने, बापनं तोंड शे. आनि निंघी गयात. मन्ही पोर माले इचारे, आई, त्या आजीले मी आवडनू नई का? काय सांगतू मी?"

"काकू." भावेश दाराला टेकून उभा होता. "प्रतिभाताईला जे झालंय, ते काकांना होतं. मग ते..." त्याने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

"म्हणूनच आलोय आम्ही," प्रतिभा म्हणाली. "भांडायला आई आली. मी तुझ्यासाठी आले. या घरात रक्ताच्या प्रत्येक माणसाची तपासणी व्हायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पळायच्या आधी."

"काही नको," भाईदास म्हणाले. "चार वरीस पोऱ्यानी मेहनत करेल शे. गुरुवारले भरती शे. तो वाघ शे, त्याले काय धाड भरनी?"

"आबा," भावेश म्हणाला, "मला दोनदा अंधारी आलीय. ग्राउंडवर. एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मागच्या आठवड्यात. पडलो होतो. पोरांनी पाणी मारलं." तो आईकडे बघत नव्हता. "म्हटलं, उपाशीपोटी पळतो म्हणून असेल."

रुक्मिणीबाई उठल्या. चाळीस वर्षं त्या या घरात नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. सरलाला पेटीसकट एस्टीत बसवलं तेव्हाही दाराआड उभ्या राहिल्या होत्या. त्या आज सरलाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मन्हा पोऱ्या पयनार नई," त्या म्हणाल्या. "पैले त्यानं कायीज दखाडसूत. आज. आते."

"रुक्मिणी, पाहुना बठेल शेतस बाहेर..."

"बठू द्या." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "तुमी एक पोऱ्या घड उचलाले लावीसन मारा. दुसरा मी मरू देवाव नई."

हे ऐकून भाईदास कौसाबाईंच्या फोटोसमोरच खाली बसले. मान न उचलता म्हणाले, "सरला, मी तुन्हा पाय धरस. मन्हं चुकनं."

"माले पाय नकोत. तुमी माले घरमा काढं नव्हतं. अंगनमा काढं व्हतं. अंगनमा बोला."

"आज? मन्ही मायनी..."

"आजच. अर्धं गाव आठेच शे."

त्यांनी रुक्मिणीबाईंकडे पाहिलं. ही एक बाई तरी आपल्या बाजूने बोलेल असं त्यांना अजून वाटत असावं. रुक्मिणीबाई दार उघडून बाजूला झाल्या. "बोला. नईतर मी बोलस. माले वाचता येत नई, पन सही वयखता येस."

मांडवात पन्नास-साठ माणसं होती. सोयरे, भाऊबंद, केळीवाले, सोसायटीतले. आतला आरडाओरडा सगळ्यांनी ऐकला होता, त्यामुळे भाईदास ओट्यावर आले तेव्हा कोणालाही गप्प करावं लागलं नाही. उपरण्याचं टोक ते बोटाला गुंडाळत होते.

"मन्हा भाऊ हेमकांतनी," ते म्हणाले आणि थांबले. "हेमकांतनी विष लिधं नव्हतं. त्याले कायीजनी बिमारी व्हती. सरकारी कागद शे." आणि ते वळले.

"आखो शे. पुरं नई व्हयनं," मागून सरला म्हणाली.

मांडवातला एक म्हातारा भाऊबंद उठला. "जाऊ दे ना सरला. इतली वरीस व्हयनात. मरेल मानसेस्ना..."

"तुमी बठा, काका. तवय बी तुमी बठेलच व्हतात." तो म्हातारा खरोखरच बसला. "बोला, दादा. मी काय करं व्हतं?"

भाईदासांनी डोळे मिटले. "सरलानी काहीच करं नव्हतं. तिनी ते त्याले दवाखानामा जावाले सांगं व्हतं. कागद माले अठ्ठ्याण्णवमाच भेटेल व्हता. मी लपाडा. मीच त्याले काम लावं, दुखत असताना. ती गुन्हेगार नव्हती. मी शे."

कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली. सरलाला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी सैल होईल. काहीच झालं नाही. विसाव्या वर्षापासूनचं आयुष्य तिच्यासमोर होतं तसंच पडलेलं होतं, आणि ते कोणाच्याही बोलण्याने मागे जाऊन नीट होणार नव्हतं. उलट राग अधिकच स्वच्छ झाला. ती ओट्यावरून उतरली, चपला पायात सरकवल्या आणि प्रतिभाने भाड्याने आणलेल्या गाडीत जाऊन बसली. मागोमाग रुक्मिणीबाई भावेशला घेऊन आल्या.

नंदुरबारला पोचेपर्यंत पाच वाजायला आले. तपासणी केंद्रात गर्दी होती, पण प्रतिभाने वाटेतूनच फोन करून ठेवला होता. भावेशला आत नेलं. रुक्मिणीबाई बाकावर बसून मण्यांची पोत बोटांत फिरवत राहिल्या. दोघी जावा इतक्या वर्षांनी एका बाकावर बसल्या होत्या.

"मी तवय दारमागे व्हतू," रुक्मिणीबाई शेवटी म्हणाल्या.

"माले माहीत शे," सरला म्हणाली. "तुमना पाय दिसी ऱ्हायंतात."

रुक्मिणीबाईंनी मान खाली घातली. सरलाला तिथेच थांबता आलं असतं. ती थांबली नाही. "एक शब्द बोलतीस ते बी चालतं व्हतं, जिजी. एस्टीपर्यंत पेटी धरतीस ते बी चालतं."

"तुले राग करानाच शे, कर," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मी उठी जावाव नई."

भावेश बाहेर आला तेव्हा शर्टची बटणं लावलेली नव्हती. मागून डॉक्टर आले. तरुण होते, सावकाश बोलत होते. स्नायू जाड आहे. प्रतिभाइतका नाही, पण आहे. गोळ्या सुरू करू, दर सहा महिन्यांनी बघू. नीट जपलं तर म्हातारा होईल. पण पळायचं नाही. "सोळाशे मीटर पूर्ण ताकदीने पळाला असता तर," डॉक्टर म्हणाले आणि आईकडे बघून पुढचं बोलले नाहीत.

भावेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग वळला तो थेट दाराकडे. दारात भाईदास उभे होते. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले होते, डोकं उघडं, उपरणं धुळीने भरलेलं.

"चार वर्षं!" भावेश ओरडला. "चार वर्षं रोज पहाटे पळालो मी, आबा. तुम्हीच उठवायचे मला. तुम्हाला माहीत होतं काका कशाने गेले, आणि तुम्ही स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे!"

बाकांवरचे रुग्ण बघत होते. भाईदासांनी मुलाकडे हात केला. भावेश बाजूने निघून गेला आणि जिन्यावर जाऊन बसला. प्रतिभा त्याच्यामागे गेली. ती त्याच्याशेजारी बसली, स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढून त्याला दाखवत काहीतरी सांगू लागली. पाच मिनिटांनी त्याने ती पट्टी हातात घेतलेली सरलाला दिसली.

भाईदास तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बसायला जागा होती, पण ते बसले नाहीत.

"सरला," ते म्हणाले, "आते माफ कर माले. समदासमोर सांगी दिधं मी."

तिने त्यांच्याकडे वर पाहिलं. हा माणूस एवढा म्हातारा कधी झाला, हे तिला आत्ताच जाणवलं, आणि तरीही तिला दया आली नाही.

"मी माफ कराले कोन?" ती म्हणाली. "मी उभी शे, बोली ऱ्हायनी, मन्ही पोर शिकीसन नोकरी करस. मन्हं निभी गयं. माफ करानं ते आत्याबाईस्ना हातमा व्हतं. तिना पोऱ्यानी जीव दिधा म्हनीसन ती माउली अठ्ठावीस वरीस देवले तोंड दखाडाले लाजे. तिले तुमी एक डाव सांगतात, माय, त्यानी जीव नई दिधा, त्याले देवनी नेयं. ती बारा दिनपैले गयी. आते कोनले माफी मांगतस, दादा?"

भाईदास तसेच, हात लोंबते ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. सरलाने नजर काढून घेतली नाही. तिने ते सगळं पाहिलं.

आतून सिस्टर बाहेर आली, हातातली यादी बघत म्हणाली, "भाईदास कोण? मुलाला निघालं तर वडिलांचीही इको करायची म्हणालेत डॉक्टर."

ते हलले नाहीत. त्यांनी ऐकलंही नसावं. सिस्टरने पुन्हा नाव पुकारलं, जरा चिडून.

"उठाडानी गरज शे का तुमले?" सरला म्हणाली. तिच्या आवाजातला राग जराही कमी झाला नव्हता. "जा आत. तुमना नंबर उना. मन्हा दुसरा मानूस त्या कायीजनी मरेल माले नको."